जरीच्या चोळीखालचं मार्क्स कार्ड

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२५ सप्टेंबर १९९९

प्रिय जया,

सुटले गं बाई, सुटले! आधी हेच लिहून टाकते, नाहीतर तू सवयीप्रमाणे पत्राची मधलीच ओळ वाचशील आणि उगाच घाबरशील. निर्दोष सुटले. निकाल कन्नडमध्ये होता, मॅजिस्ट्रेट खाली मान घालून इतक्या हळू वाचत होते की मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी आपली कठडा धरून उभी. शेवटी शेषगिरी वकील मागे वळले आणि ‘आयतु अम्मा’ एवढंच म्हणाले. झालं, संपलं. त्यावर मी काय केलं असेन? रडले नाही. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मी त्यांना विचारलं, की आता मी डोसा खायला गेले तर चालेल का? तीन वर्षं कोर्टाच्या तारखेला पोटात अन्न ठरत नव्हतं गं. फत्ते त्या दिवशी रजा काढून आला होता. आम्ही मायलेकांनी दोन-दोन मसाला डोसे खाल्ले, वर कॉफी घेतली, आणि घरी येऊन मी जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. हा निकाल लागून आज बरोबर महिना झाला. एवढी मोठी बातमी तुला महिन्यानं का कळवते, ते शेवटी सांगते. मास्तरणीची खोड आहे, आधी धडा आणि मग प्रश्न.

तुला दावणगेरेला कुणाकडून काय काय कळलं असेल, देव जाणे. माझ्या चार पत्रांना तुझं उत्तर नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते. माझ्यावर दोन कलमं होती, ४१९ आणि ४२०. आपण दुसरीच कुणी व्यक्ती आहोत असं भासवणं हे पहिलं, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. फसवणूक हे दुसरं, त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. आपण ‘चारसो बीस’ म्हणून किती सहज हसतो ना? समन्सवर आपल्या नावापुढे तो आकडा छापून आला की हसू कुठल्या कुठे जातं. वकिलांनी सांगितलं होतं की एवढी शिक्षा सहसा होत नाही. पण मी गणिताची मास्तरीण. सत्तेचाळीसात सात मिळवले की चोपन्न. चोपन्नाव्या वर्षी बाहेर येईन तेव्हा फत्तेचं लग्न झालेलं असेल की कुणी मुलगीच दिली नसेल, हा हिशेब मी रोज भाजी चिरताना करत असे. आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची? जमिनीवर झोपायची. हे माझे गुडघे! एकदा खाली बसले की उठायला माणूस लागतं.

शाळेनं पहिल्याच आठवड्यात सस्पेंड केलं. चोवीस वर्षं ज्या मंडी मोहल्ल्याच्या रस्त्यानं मी छत्री आपटत गेले, त्या रस्त्यानं जायची लाज वाटायला लागली. मुलं लांबून ‘नमस्ते मिस’ म्हणायची आणि त्यांच्या आया त्यांना हाताला धरून पलीकडे न्यायच्या. फत्ते हेब्बाळच्या कारखान्यात नवा नवा लागलेला. कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी त्याच्या देखत माझा विषय काढला, तेव्हापासून तो सायकलनं जायला लागला. एवढ्या लांब! मला म्हणाला व्यायाम होतो. मी पण मान डोलावली. दोघंही एकमेकांना फसवत होतो, त्याला मात्र कलम नाही.

आता आरोप काय होता ते सांगते. खात्याकडे एक निनावी अर्ज गेला होता, कन्नडमध्ये, दोन पानी. त्यात लिहिलं होतं की गोदावरी टीचरनं १९७२ साली जी नोकरी मिळवली, ती के. वनजा नावाच्या मुलीच्या एसएसएलसी परीक्षेच्या मार्क्स कार्डावर. ही वनजा म्हणजे खंडोजीरावांची थोरली मुलगी, टीचरची नणंद, जी १९६५ साली टायफॉइडनं वारली. मेलेल्या पोरीच्या मार्कांवर ही बाई पगार खाते आहे. मूळ मार्क्स कार्ड अजून त्याच घरात आहे, कैलासवासी सासूच्या पेटीत, जरीच्या चोळीखाली. पोलीस आले ते सरळ त्या पेटीकडेच गेले. इकडे नाही की तिकडे नाही. चोळी उचलली, कार्ड काढलं, मागे आमच्या शाळेचा शिक्का पाहिला आणि पंचनामा लिहायला बसले. मी त्यांना सांगत होते की अहो, ती वनजा मीच, हे कार्ड माझंच आहे. इन्स्पेक्टर बिचारा वाईट नव्हता. पण म्हणाला, अम्मा, तुमचं नाव गोदावरी, पगारपत्रकावर गोदावरी, रेशन कार्डावर गोदावरी, आणि या कार्डानंतर काही महिन्यांनीच या घरात वनजा नावाची मुलगी वारल्याची नोंद नगरपालिकेत आहे. मी काय समजायचं? त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा तेच समजले असते.

जया, इथे मात्र मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी या घरात एकतीस वर्षांत कुणीच तुला सांगितली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि तुला गोवर निघाला होता. तुला शेजारच्या शकुंतलाबाईंकडे ठेवून सगळे मांडवात आले. त्यामुळे नाव ठेवायच्या वेळी तू नव्हतीस. ताटात तांदूळ पसरले, तुझ्या दादानं अंगठीनं त्यात ‘गोदावरी’ लिहिलं, आणि बायकांनी साखर वाटली. त्याच्या आधी एकोणीस वर्षं मी वनजा होते. वनजा केशवराव. बापाचं आद्याक्षरसुद्धा इंग्रजीत ‘के’च, तुमच्या खंडोजीरावांसारखं. सोयरीक जुळत होती तेव्हाच अत्यांनी, म्हणजे तुझ्या आईनं, माझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुलगी पसंत आहे, सगळं पसंत आहे, पण हे नाव घेऊन ती माझ्या उंबऱ्यातून आत येऊ शकत नाही. तीनच वर्षं झाली होती त्यांची वनजा जाऊन. सतरा वर्षांची पोर, परीक्षेला बसायच्या दोन महिने आधी गेली. त्या माउलीनं रोज सुनेला कुठल्या तोंडानं त्या नावानं हाक मारायची? मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नाही. सगळ्याच मुलींची नावं बदलतात, माझं बदललं. माहेरी तर मला नावानं कुणी हाक मारतच नसे, सगळ्यांची मी चिन्नी. म्हणून तुझ्या कानावर ‘वनजा’ आलं ते फक्त तुझ्या गेलेल्या अक्काचं. भिंतीवरच्या फोटोचं.

बहात्तर साली नोकरी लागली तेव्हा नाव बदलल्याचं अफिडेव्हिट करून दिलं होतं मी. शाळेनं कार्डाच्या मागे शिक्का मारला आणि कार्ड परत दिलं. घरी आणलं, तर अत्या म्हणाल्या, दे इकडे, मी नीट ठेवते. मी दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण फत्तेच्या बारशाच्या सुमारास एकदा मी अचानक आत गेले तर पेटी उघडी, कार्ड मांडीवर, आणि त्या छापलेल्या नावावरून बोट फिरवत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, पास झाली असती गं ती. मी गुपचूप बाहेर आले. त्यानंतर ते कार्ड मी कधी परत मागितलं नाही. ते त्यांनी तुझ्या अक्काच्या रिबिनी, तिचा शाळेतला फोटो आणि ती जरीची चोळी, यांच्यातच ठेवलं. ते माझं कार्ड होतं हे त्यासुद्धा विसरल्या असाव्यात. विसरू देत, माझं काय जात होतं?

काय जात होतं ते पुढे कळलं. तुझा दादा ब्याण्णव साली गेला, अत्या पंच्याण्णवला. माझ्या माहेरी तर कुणी उरलेलंच नाही. लग्नाला आलेली माणसं वारली नाहीतर बंगळूर-मुंबईला पांगली. शाळेतल्या फाइलीतलं अफिडेव्हिट वाळवीनं खाल्लेलं. घरात लग्नपत्रिका मिळाली, वनजा आणि शंभूराव अशी, तर सरकारी वकील म्हणाले की पत्रिका काय, कुणीही कधीही छापून घेईल. मी कोण आहे हे सांगायला मी सोडून जगात कुणी नाही! सही केली तर म्हणत, सही गोदावरीची आहे. शेषगिरी वकील मात्र हट्टी माणूस. मी शिकले ती शाळा कधीच बंद पडली होती, तिची जुनी पुस्तकं कुठल्याशा कार्यालयाच्या अडगळीत पडली होती. त्यांनी तीनदा अर्ज केला, तीनदा नाही म्हणून उत्तर आलं. चौथ्यांदा ते स्वतः गेले, नाकाला रुमाल बांधून दोन दिवस धूळ उपसली आणि १९६० सालचं दाखला-रजिस्टर घेऊनच परतले. त्यात पूर्वी मुलांच्या ओळखीची खूण लिहीत असत. ‘वनजा, वडील केशवराव, डाव्या कोपराखाली भाजल्याचा अर्धगोल डाग.’

तुला आठवतो ना तो डाग? आईच्या डोशाच्या तव्याला लागून झालेला. लहानपणी माझ्याजवळ झोपायचीस तेव्हा त्यावर बोट ठेवल्याशिवाय तुला झोप यायची नाही. त्याला तू चंद्र म्हणायचीस. मॅजिस्ट्रेटनी हात दाखवायला सांगितला. मी पदर सारून कोपर पुढे केलं. त्यांनी चष्मा काढला, रजिस्टर बघितलं, परत कोपर बघितलं. सरकारी डॉक्टरांनी डाग लहानपणचाच असल्याचं लिहून दिलं, आणि मग ती पत्रिकाही खरी ठरली. पण तुला सांगते जया, मी तिथे कोपर पुढे करून उभी होते तेव्हा मला कोर्ट दिसतच नव्हतं. तुझं ते एवढंसं बोट आठवत होतं.

परवा शाळेची ऑर्डर आली. सोमवारपासून कामावर ये म्हणून. मधल्या तीन वर्षांचं बघू म्हणतात, बघोत बापडे. मी छत्रीची तुटलेली काडी बसवून आणली. नवी चप्पल घेतली, ती चावते आहे. फत्ते परत कंपनीच्या बसनं जायला लागला, आणि व्यायामाचं काय रे म्हटलं तर कान धरून हसला. समोरच्या घरातल्या बाईनं, जिनं तीन वर्षं माझ्याकडे साखर मागितली नव्हती, तिनं परवा साखर मागितली. मी दोन वाट्या दिली. एवढी हलकी झाले आहे मी, की कुणाचा राग म्हणून येत नाही. फक्त माझा स्वतःचा येतो, आणि तोही तुझ्यापायी.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुझ्या नवऱ्याची, वेंकोजीरावांची गिरणी बंद पडली होती आणि तू शाळेत मला भेटायला आलीस. आमच्या वाचनालयात मदतनीस हवी होती, माझ्यासाठी शब्द टाका वहिनी, म्हणालीस. दमून आली होतीस, साडीचा काठ धुळीनं माखलेला. आणि मी, स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत काय बोलले? की नोकरीला शिक्षण लागतं बाई, हातात एसएसएलसीचा कागद लागतो, तो कुठे आहे तुझ्याकडे? दोघीतिघी हसल्यासुद्धा. तू पिशवी उचलून गेलीस. जया, तुझ्याकडे तो कागद का नव्हता? तू नववीत होतीस, मी नोकरीला जात होते, फत्ते दोन वर्षांचा होता, आणि अत्यांना त्याच्यामागे धावणं होत नव्हतं. ‘एक वर्षच गं, पुढच्या वर्षी परत जा शाळेत’ असं तुला सांगणारी मीच होते. ते पुढचं वर्ष आलंच नाही. माझं पोर तू कडेवर वाढवलंस, म्हणून मी टीचर झाले. तुझा कागद मीच गिळला, आणि वर तुलाच चारचौघांत विचारलं की कागद कुठे आहे. कोर्टानं मला निर्दोष म्हटलं खरं, पण या बाबतीत मी निर्दोष नाही. मला माफ कर. हे मी तेव्हाच, तुझ्यामागे गेटापर्यंत धावत येऊन म्हणायला हवं होतं.

आता राहिलेला प्रश्न, महिनाभर का थांबले. त्या अर्जाची नक्कल मला पहिल्या तारखेलाच मिळाली होती. जरीच्या चोळीखाली, असं वाचलं आणि मी त्या ओळीवर बोट ठेवून ती परत वाचली. अत्यांच्या तेराव्यानंतर ती पेटी उघडली होती दोघींनीच, तू आणि मी. मी मध्येच पानं वाढायला उठले होते. परत आले तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्याच दुपारी तू जेवणाला न थांबता दावणगेरेची बस धरलीस. म्हणजे मला तीन वर्षं ठाऊक होतं, जया. इन्स्पेक्टरनं विचारलं, कुणावर संशय? गोत्तिल्ला, मला माहीत नाही. शेषगिरींनी विचारलं, तेच. शेवटी मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तेव्हाही गोत्तिल्ला. आरोपीला शपथ नसते, म्हणून निभावलं. निकालानंतर शेषगिरी म्हणाले, आता अर्ज करणाऱ्याला शोधून काढू, खोटी तक्रार करणं हा पण गुन्हाच, त्याला कलम १८२ आहे, २११ आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अक्षर तपासणीला पाठवू, महिन्याभरात सांगा. मी त्यांना एवढंच विचारलं, की लिहिणाऱ्याला ते खरंच वाटत असेल तर? ते म्हणाले, मग गुन्हा नाही अम्मा, खोटं आहे हे माहीत असून लिहिलं तरच गुन्हा. मला तेवढं पुरे होतं. तू खोटं लिहिलंच नव्हतंस. आईच्या पेटीत, मेलेल्या अक्काच्या रिबिनींशेजारी तुला तिच्या नावाचं कार्ड सापडलं, मागे माझ्या शाळेचा शिक्का, आणि त्याच कागदावरून मी तुला हिणवलेलं. अक्का गेली तेव्हा तू चार वर्षांची, ती परीक्षेला बसलीच नव्हती हे तुला कोण सांगणार? दुसरं काय वाटणार होतं तुला? अठरा वर्षं एका छपराखाली माझ्या कुशीत वाढलीस आणि तुला माझं नाव ठाऊक नव्हतं, यात तुझी काय चूक? तरी वकिलाचं काय सांगावं, म्हणून आज महिना पुरा होईपर्यंत तुला एक ओळ लिहिली नाही. सकाळी जाऊन त्यांना सांगून आले, मला काही करायचं नाही, फाइल बांधून टाका. तेव्हा पोलिसांची, समन्सची, कशाची भीती धरू नकोस. कुणी येणार नाही. तूच ये. नवरात्र पंधरा दिवसांवर आलं, तीन वर्षं दसऱ्याच्या बाहुल्यांची आरास मांडली नाही, लाकडी राजा-राणी अजून फडक्यात गुंडाळलेले आहेत, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सरळ उभे करता येत नाहीत. वेंकोजीरावांना पण आण. दारात आलीस की रडायचं नाही, माफी मागायची नाही, काही बोलायचंच नाही. फक्त मला एकदा माझ्या नावानं हाक मार. अत्या गेल्या, आता या घरात ते नाव घ्यायला हरकत नाही, आणि ती पहिली हाक मला तुझ्याच तोंडून ऐकायची आहे.

वाट पाहणारी तुझीच,
वनजा